मोटर आणि ड्राइव्हचं सिम्युलेशन शिकायचंय? लूमच्या १ एचपी मोटरपासून सुरू करा

प्रोजेक्टचे दिवस आले की डिप्लोमा आणि बीईच्या पोरांचा एकच प्रश्न असतो, "सर, मोटर सिम्युलेशनमध्ये चालली, ग्राफ पण भारी आलाय, पण हे बरोबर आहे का कसं कळायचं?" नेटवर व्हिडिओ ढीगभर आहेत, ब्लॉक कुठून ओढायचा, वायर कुठं जोडायची ते सगळं दाखवतात, पण त्या ब्लॉकच्या आत भरायचे आकडे कुठून आणायचे आणि आलेलं उत्तर कशाशी ताडून बघायचं हे कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख. मी स्वतः याच वाटेनं गेलोय, आधी कॉलेजात आणि मग एमआयडीसीत ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) बसवताना, त्यामुळे पुस्तकी क्रम सोडून कामाला येतो तो क्रम देतोय.

उदाहरणाला मुद्दाम १ एचपीची थ्री फेज इंडक्शन मोटर घेतलीय. सोलापुरात ती कुठंही मिळते, पूर्व भागातल्या कुठल्याही गल्लीत शिरा, लूमच्या (यंत्रमागाच्या) खटखटाटात ती फिरतच असते. तुमच्या हाताखाली ५ एचपीची पंपाची मोटर असली तरी पद्धत हीच, आकडे फक्त बदलतील.

लागणारं सामान आणि कागद

- मोटरच्या नेमप्लेटचा स्वच्छ फोटो (ग्रीस पुसून काढा, ३ आणि ८ मध्ये घोळ होतो)
- कंपनीचा कॅटलॉग, मिळाला तर टेस्ट रिपोर्ट
- मोटर रिवाइंड झालेली असेल तर वाइंडरच्या वहीतली नोंद: किती स्लॉट, किती टर्न, तारेचा गेज, पिच, कनेक्शन
- मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर, दोन वॉटमीटर किंवा एक पॉवर अ‍ॅनलायझर, टॅकोमीटर
- थ्री फेज डिमरस्टॅट, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर (कॉलेजच्या मशीन लॅबमध्ये असतोच)
- ड्राइव्ह असेल तर त्याचं मॅन्युअल
- ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो, सुरुवातीला तर नक्कीच

## १. आधी ठरवा, तुम्हाला नक्की काय बघायचंय

हे सोडून लोक थेट सॉफ्टवेअर डाउनलोड करायला बसतात. सिम्युलेशनचे ढोबळमानाने तीन थर आहेत. पहिला, मोटरचं सर्किट मॉडेल: स्टार्टिंग करंट किती, लोड टाकल्यावर वेग किती पडतो, व्होल्टेज कमी आलं तर काय होतं. दुसरा, मोटर अधिक ड्राइव्ह: इन्व्हर्टर (डीसीचं एसी करणारा भाग), पीडब्ल्यूएम (स्विच झपाझप चालू-बंद करून हवं ते व्होल्टेज घडवणं), कंट्रोल लूप. तिसरा, मोटरच्या लोखंडाच्या आतलं चुंबकीय क्षेत्र, म्हणजे फायनाइट एलिमेंट.

प्रश्न पहिल्या थराचा असेल तर तिसऱ्यात उडी मारू नका. "लूम चालू करताना बाकीच्या मोटरींचं व्होल्टेज किती पडेल" याला मोटरचं डिझाइन लागत नाही. उलट "स्लॉटचा आकार बदलला तर टॉर्क किती वाढेल" हे पहिल्या थराला जन्मात सांगता येणार नाही. एका कागदावर एका ओळीत प्रश्न लिहून काढा. गाईडला पण तेच आधी दाखवा, अर्धा त्रास वाचतो.

## २. नेमप्लेट नीट वाचा

समजा आपल्या मोटरवर लिहिलंय: ०.७५ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, १.८ अँपिअर, ५० हर्ट्झ, १४१० आरपीएम, स्टार.

- ०.७५ किलोवॅट ही शाफ्टवर मिळणारी पॉवर आहे, लाइनमधून ओढलेली नव्हे. इनपुट यापेक्षा जास्तच असणार.
- १४१० आरपीएम आणि ५० हर्ट्झ म्हणजे ४ पोल, सिंक्रोनस वेग (आतलं चुंबकीय क्षेत्र फिरतं तो) १५००, स्लिप (रोटर, म्हणजे फिरणारा भाग, त्याच्या जेवढा मागे पडतो ते) ९० आरपीएम म्हणजे ६ टक्के.
- फुल लोड टॉर्क: ७५० वॅट भागिले कोनीय वेग. १४१० आरपीएम म्हणजे १४७.७ रेडियन प्रति सेकंद, म्हणून ५.१ न्यूटन-मीटर. हा आकडा पाठच करा, पुढं सारखा लागणार आहे.

इथला सापळा: बहुतेक सॉफ्टवेअर पोल नाही, पोलच्या जोड्या विचारतात. ४ पोलची मोटर म्हणजे २ भरायचे. ४ भरलात तर मोटर ७५० च्या खाली फिरत राहील आणि तुम्ही दोन दिवस लोडमध्ये चूक शोधत बसाल.

दुसरा सापळा स्टार-डेल्टाचा. लहान मोटरी स्टारमध्ये असतात, पण आपल्याकडं साधारण ५ एचपी आणि वरच्या मोटरी ४१५ व्होल्टला डेल्टात चालतात. सिम्युलेशनचं मॉडेल बहुतेक वेळा प्रत्येक फेजचं स्टार-समतुल्य मागतं, म्हणजे डेल्टाच्या फेजचा इंपिडन्स भागिले ३.

## ३. टेस्ट करा, कॅटलॉगवर विसंबू नका

पॅरामीटर हेच सगळ्यात अवघड काम. कॅटलॉगमध्ये करंट, टॉर्क, एफिशियन्सी असते, आतला रेझिस्टन्स-इंडक्टन्स नसतो. नेटवरून कुणाचे तरी आकडे उचलले तर ती मोटर बहुतेक ६० हर्ट्झची, ४६० किंवा २२० व्होल्टची निघते आणि तुमचा अख्खा प्रोजेक्ट दुसऱ्याच्या मोटरवर होतो. व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकाने "ही मोटर कुठली हो?" विचारलं की संपलं.

तीन टेस्ट पुरतात. ४१५ व्होल्टचं काम आहे, एकट्यानं करू नका, लॅब असिस्टंट किंवा जाणता इलेक्ट्रिशियन बरोबर पाहिजेच.

अ) रेझिस्टन्स. दोन टर्मिनलमध्ये मोजा, तिन्ही जोड्या मोजून सरासरी घ्या. आपल्या मोटरचं रीडिंग २१ ओहम आलं असं धरू. याचं निम्मं, १०.५ ओहम, हा एका फेजचा स्टेटर (मोटरचा स्थिर भाग) रेझिस्टन्स. यातली गंमत अशी की मोटर डेल्टात असली तरी टर्मिनल रीडिंगचं निम्मं केलं की स्टार-समतुल्यच मिळतं, त्यामुळे इथं डोकं खाजवायची गरज नाही. १ एचपीला मल्टिमीटर चालतो, १० एचपीच्या मोटरला रीडिंग एखाद्या ओहमवर येतं आणि मीटरच्या लीडचाच रेझिस्टन्स मध्ये घुसतो, तिथं डीसी करंट सोडून व्होल्टेज भागिले करंट करा.

आता सोलापूरकरांसाठी खास. तांब्याचा रेझिस्टन्स गरम झाल्यावर वाढतो. ३० अंशाला मोजलेला १०.५ ओहम, वाइंडिंग ११० अंशाला गेलं की साधारण १३.७ होतो, म्हणजे ३० टक्के जास्त. साधारण मोटरींचं रेटिंग ४० अंश बाहेरच्या तापमानाला धरलेलं असतं आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली लूम चालतात तिथं तापमान ४० च्या वरच असतं. तेव्हा एक थंड आणि एक गरम असे दोन संच करून ठेवा.

ब) नो-लोड टेस्ट. मोटर मोकळी, पूर्ण ४१५ व्होल्ट. करंट १.१ अँपिअर, पॉवर ११० वॅट धरू. इथं पॉवर फॅक्टर ०.१४ इतका खाली असतो, त्यामुळे दोन वॉटमीटर पद्धतीत एक काटा उलटा जातो. घाबरू नका, त्याचं कनेक्शन पलटा आणि ते रीडिंग वजा करा. बेरीज केली तर पुढचं सगळंच गणित गेलं.

क) लॉक्ड रोटर टेस्ट. शाफ्ट घट्ट धरून ठेवायचा, डिमरस्टॅट शून्यावरून हळूहळू वर न्यायचा आणि करंट १.८ अँपिअर झाला की थांबायचं. पूर्ण व्होल्टेज अजिबात द्यायचं नाही. समजा ९५ व्होल्टला १.८ अँपिअर आणि १८५ वॅट आले. पटकन रीडिंग घ्या आणि बंद करा, वाइंडिंग लगेच तापतं.

## ४. आकडे काढा (कागदावरच, अर्ध्या तासाचं काम)

नो-लोडमधून: व्हीए ७९१, त्यातून रिअ‍ॅक्टिव्ह ७८३, भागिले ३ गुणिले करंटचा वर्ग, म्हणजे २१५.७ ओहम. ही स्टेटरची गळती रिअ‍ॅक्टन्स आणि मॅग्नेटायझिंग रिअ‍ॅक्टन्स यांची बेरीज.

लॉक्ड रोटरमधून: एका फेजचा रेझिस्टन्स १९.० ओहम, रिअ‍ॅक्टन्स २३.८ ओहम. रिअ‍ॅक्टन्स निम्मानिम्मा वाटला की ११.९ स्टेटरला, ११.९ रोटरला. ३१४ नी (२ पाय गुणिले ५०) भागलं की प्रत्येकी ३८ मिलीहेन्री. मॅग्नेटायझिंग राहिलं २०३.८ ओहम, म्हणजे ०.६५ हेन्री.

रोटर रेझिस्टन्स काढताना सगळे १९.० वजा १०.५ करून ८.५ लिहून मोकळे होतात. इथं एक दुरुस्ती राहते, कारण लॉक्ड अवस्थेत पण थोडा करंट मॅग्नेटायझिंग शाखेतून जातो. ८.५ ला २१५.७ भागिले २०३.८ च्या वर्गाने गुणा, ९.५ ओहम येतात. १२ टक्क्यांचा फरक आहे, छोटा नाही. ८.५ ठेवलं तर ६ टक्के स्लिपला टॉर्क ५.९ न्यूटन-मीटर येतो, ९.५ ठेवलं तर ५.४. नेमप्लेट ५.१ म्हणते, आणि मधला ०.३ घर्षण, पंखा आणि लोखंडातला लॉस यात जातो. जुळलं की नाही!

याच आकड्यांवरून हातानेच काढून ठेवा: पूर्ण व्होल्टेजला स्टार्टिंग करंट साधारण ७.९ अँपिअर, स्टार्टिंग टॉर्क १० न्यूटन-मीटरच्या आसपास, जास्तीत जास्त टॉर्क १४ च्या आसपास, फुल लोड करंट १.७५ अँपिअर. हा कागद भिंतीला चिकटवा. सिम्युलेशन चालवायच्या आधी उत्तर माहीत असलं पाहिजे, नायतर ग्राफ आला की त्यालाच खरं मानायची सवय लागते.

## ५. सॉफ्टवेअर

यावर लोक उगाच भांडतात. मॅटलॅब-सिम्युलिंक कॉलेजच्या लायसन्सवर मिळत असेल तर तेच घ्या, इंडक्शन मोटरचा ब्लॉक तयार आहे, मदत भरपूर आहे. क्रॅक कॉपी पेन ड्राइव्हवर फिरत असते, ती टाकू नका, व्हायरस तर येतोच, शिवाय कंपनीत असली फाइल घेऊन गेलात तर नोकरीवर येतं.

फुकटात करायचं तर ओपनमॉडेलिका माझ्या मते सगळ्यात चांगलं. त्यात मशीनची लायब्ररी येतानाच मिळते, डायरेक्ट ऑनलाइन स्टार्ट, स्टार-डेल्टा, इन्व्हर्टर यांची तयार उदाहरणं उघडून आकडे बदलायचे बस. सायलॅबमध्येही जमतं. आणि कोड लिहायची आवड असेल तर पायथन किंवा ऑक्टेव्हमध्ये मोटर स्वतः लिहा: चार फ्लक्सची समीकरणं आणि एक वेगाचं, एकूण पाच, पानभर कोड होतो. खरं सांगू, ज्याने हा पानभर कोड एकदा लिहिला त्याला पुढं कुठलंही सॉफ्टवेअर अडत नाही. फक्त साध्या ऑयलर पद्धतीऐवजी रुंगे-कुट्टा वापरा.

ही समीकरणं डीक्यू रूपात असतात, म्हणजे तीन फेजच्या ऐवजी दोन अक्षांवर. मूळ कल्पना रॉबर्ट पार्क यांची, १९२९ ची, सिंक्रोनस मशीनसाठी मांडलेली. यातला सापळा: या रूपांतराचे दोन प्रकार चालतात. एकात अँप्लिट्यूड तीच राहते आणि टॉर्कच्या सूत्रात दीडपट येते, दुसऱ्यात पॉवर तीच राहते आणि दीडपट येत नाही. एका पुस्तकातून रूपांतर आणि दुसऱ्यातून टॉर्कचं सूत्र घेतलं की टॉर्क बरोब्बर दीडपट चुकतो. टॉर्कचा आकडा दीडपट किंवा दोन तृतीयांश चुकला तर दुसरीकडं कुठं बघूच नका.

## ६. पहिला रन: साधा डायरेक्ट स्टार्ट, मोकळी मोटर

ड्राइव्ह नाही, लोड नाही, फक्त तीन साइन व्होल्टेज. फेजचं पीक व्होल्टेज ३३९ भरायचं (४१५ गुणिले १.४१४ भागिले १.७३२). काही ब्लॉक लाइन-टू-लाइन आरएमएस मागतात, काही फेज पीक, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचा. सुरुवातीची स्लिप १ ठेवा, म्हणजे मोटर उभी आहे. ० ठेवली तर ती आधीच पळत असते आणि स्टार्टिंग करंट दिसतच नाही.

इनर्शिया मोकळ्या १ एचपी मोटरला साधारण ०.००२ किलो-मीटर वर्ग धरून चालेल. कॅटलॉगमधून घेताना बघा, काही ठिकाणी जीडी-स्क्वेअर दिलेलं असतं, त्याला ४ नी भागायचं.

मग रन करा आणि कागदाशी ताडा:

- वेग १५०० च्या अगदी जवळ स्थिरावला पाहिजे.
- मोकळा करंट १.१ अँपिअर आरएमएस. ग्राफवर १.५६ चं शिखर दिसेल, ते पीक आहे. आरएमएस आणि पीकची गल्लत ही नवख्यांची नंबर एक अडचण.
- सुरुवातीचा करंट आरएमएस ७.९ च्या आसपास, पहिल्या एक-दोन सायकलची शिखरं त्याच्या पीकपेक्षाही वर जातील, ते बरोबर आहे.
- मोकळी मोटर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास वेग पकडते. तीन सेकंद लागले तर इनर्शियाचा आकडा तपासा.

सुरुवातीला टॉर्क ५० हर्ट्झने वर-खाली उड्या मारतो, कधी कधी क्षणभर शून्याच्या खालीसुद्धा जातो. बरेच जण हे बघून मॉडेल चुकलं म्हणून फिल्टर लावून टाकतात. लावू नका. स्विच टाकल्या क्षणी फ्लक्समध्ये डीसी भाग उरतो, त्यामुळे हे खरंच घडतं. कपलिंग आणि कीवेवर जो झटका बसतो तो हाच.

मग ५.१ न्यूटन-मीटर लोड टाका. वेग १४१० ते १४२० मध्ये, करंट १.७ ते १.८. आला? मग पुढं जा. नाही आला तर पुढं जाऊ नका, ड्राइव्ह जोडून हे सुधरत नाही.

## ७. लोड खरा टाका

पाठ्यपुस्तकात लोड म्हणजे एक सरळ रेघ. लूम असं ओढत नाही. मिनिटाला १४४ पिक (आडव्या धाग्याच्या फेऱ्या) मारणाऱ्या लूमचा क्रँकशाफ्ट १४४ आरपीएमने फिरतो, आणि प्रत्येक फेरीत शटल मारताना आणि फणी ठोकताना जोर एकदम लागतो, बाकी वेळ कमी. म्हणजे सेकंदाला २.४ वेळा टॉर्कचा ठोका. मॉडेलमध्ये स्थिर टॉर्क अधिक प्रत्येक फेरीला एक छोटा पल्स एवढं केलं तरी चित्र पार बदलतं, वेगात आणि करंटमध्ये लहर दिसायला लागते, आणि कारखानदार ज्याला "मीटरचा काटा नाचतो" म्हणतात ते स्क्रीनवर येतं.

लूमची इनर्शिया मोटरच्या शाफ्टवर आणताना वेगाच्या गुणोत्तराचा वर्ग लागतो. मोटर ढोबळमानाने १४४०, लूम १४४, गुणोत्तर १०, म्हणून लूमची इनर्शिया भागिले १००. हा भागाकार विसरला की मोटर कधी सुरूच होत नाही आणि सगळे म्हणतात मोटर कमी पडतेय. लूमच्या मोटरला स्टार्टिंग टॉर्क जास्त लागतो तो उगाच नाही, पहिल्या ठोक्याच्या आत लूम वेगात आला नाही तर कापडावर स्टार्टिंगची रेघ उमटते. चादरीत ती दिसते, टॉवेलमध्ये तर गिऱ्हाईक बोट ठेवून दाखवतं.

पंप करत असाल तर सोपं आहे, टॉर्क वेगाच्या वर्गाने वाढवा.

## ८. ड्राइव्ह जोडा, पण तीन पायऱ्यांनी

पहिली पायरी: इन्व्हर्टर नकोच. व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी बदलता येणारा आदर्श सोर्स घ्या आणि व्ही-बाय-एफ (दोन्हींचं गुणोत्तर स्थिर ठेवून) चालवा. ४१५ भागिले ५० म्हणजे हर्ट्झला ८.३ व्होल्ट. २५ हर्ट्झला २०७ व्होल्ट. आता ५ हर्ट्झला बघा: ४१.५ व्होल्ट लाइन, म्हणजे फेजला २४. १.८ अँपिअर गेला तर त्यातले १९ व्होल्ट स्टेटर रेझिस्टन्समध्येच खाल्ले जातात! मोटरला काय उरलं? म्हणून ड्राइव्हमध्ये लो फ्रिक्वेन्सी बूस्टचं सेटिंग असतं. हे गणित एकदा सिम्युलेशनमध्ये बघितलं की मॅन्युअलमधलं ते पॅरामीटर आयुष्यभर लक्षात राहतं.

फ्रिक्वेन्सी रॅम्पने वाढवा. एकदम ५० टाकली तर तो डायरेक्ट स्टार्टच झाला, सिम्युलेशनमधला आदर्श सोर्स मुकाट्याने ७.९ अँपिअर देईल, खरा ड्राइव्ह ट्रिप होईल.

दुसरी पायरी: डीसी लिंक (ड्राइव्हच्या मधला डीसी भाग) आणि सरासरी मॉडेलचा इन्व्हर्टर (स्विचिंग न दाखवता सरासरी व्होल्टेज देणारा). ४१५ व्होल्ट रेक्टिफाय केले की ५८७ व्होल्ट डीसी. त्यातून साध्या साइन-पीडब्ल्यूएमने जास्तीत जास्त ३५९ व्होल्ट लाइन आरएमएस मिळतात, स्पेस व्हेक्टर पीडब्ल्यूएमने ४१५. "सर, ड्राइव्ह लावल्यावर फुल लोडला वेग आणखी का पडतो?" याचं उत्तर बऱ्याचदा इथं सापडतं. ३५९ व्होल्टला टॉर्कची क्षमता पाऊणपट होते.

अजून एक गोष्ट इथंच. डीसी लिंकच्या जागी बॅटरीसारखा आदर्श सोर्स ठेवला की ब्रेकिंग फार छान दिसतं. प्रत्यक्षात समोर डायोड ब्रिज असतो, मोटरने परत दिलेली ऊर्जा लाइनमध्ये जाऊ शकत नाही, कपॅसिटरचं व्होल्टेज चढत जातं आणि ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेजवर बंद पडतो. जड फ्लायव्हील किंवा मोठा पंखा लवकर थांबवायचा असेल तर ब्रिज, कपॅसिटर आणि ब्रेकिंग रेझिस्टर मॉडेलमध्ये पाहिजेतच.

तिसरी पायरी: स्विचिंग मॉडेल. ५ किलोहर्ट्झ कॅरियर म्हणजे २०० मायक्रोसेकंदाचा पिरियड, त्यासाठी सिम्युलेशनची टाइम स्टेप १ ते २ मायक्रोसेकंद ठेवा. ५० मायक्रोसेकंद ठेवली तर पिरियडमध्ये चारच ठिपके पडतात आणि त्यातून दिसणारे हार्मोनिक्स तुमच्या स्टेपचे असतात, इन्व्हर्टरचे नव्हे. पण १ मायक्रोसेकंदाला १० सेकंद चालवलं तर प्रत्येक सिग्नलचे १ कोटी ठिपके साठतात, लॅपटॉप तिथंच आडवा. म्हणून लांब रन सरासरी मॉडेलवर, आणि स्विचिंग मॉडेल फक्त १००-२०० मिलीसेकंदांसाठी. डेड टाइम (वरचा-खालचा दोन्ही स्विच बंद असतात तो वेळ) २-३ मायक्रोसेकंद टाकला तर कमी वेगाला करंट वाकडा झालेला दिसतो, तो खरा आहे.

व्हेक्टर कंट्रोल (फ्लक्स आणि टॉर्क वेगवेगळे ताब्यात ठेवायची पद्धत) करणार असाल तर आधी वरचं सगळं पक्कं करा. तिथं सगळी मदार रोटर टाइम कॉन्स्टंटवर (रोटर इंडक्टन्स भागिले रोटर रेझिस्टन्स), आपल्या मोटरचा तो साधारण ७२ मिलीसेकंद. रोटर तापला की रेझिस्टन्स वाढतो, टाइम कॉन्स्टंट कमी होतो आणि कंट्रोलरला वाटणारी फ्लक्सची दिशा खऱ्या दिशेपासून सरकते. प्लँटमध्ये (म्हणजे मोटरच्या मॉडेलमध्ये) गरम आकडे आणि कंट्रोलरमध्ये थंड आकडे टाकून बघा, याच्यावर एक अख्खा चॅप्टर लिहून होईल. पोरं दोन्हीकडं तेच आकडे टाकतात आणि कंट्रोल परफेक्ट आला म्हणतात. येणारच की ओ!

## ९. आपल्याकडची लाइन टाकून बघा

हे कुणी करत नाही आणि खरा उपयोग इथंच आहे. व्होल्टेज ३६० करा: टॉर्क वर्गात पडतो, २५ टक्के गेला. एक फेज चालू असताना तोडा: मोटर फिरत राहते, उरलेल्या दोन फेजचा करंट चढतो, आणि वाइंडिंग का जळतं ते दिसतं. मात्र यात मॉडेलचा स्टार पॉइंट न्यूट्रलला जोडलेला असेल तर उत्तर चुकीचं येईल, खऱ्या मोटरमध्ये तो मोकळा असतो.

बोअरच्या पंपाला ड्राइव्हपासून लांब केबल असते. तिथं केबल साधा रेझिस्टन्स-इंडक्टन्स म्हणून टाकली तर मोटरच्या टोकाला व्होल्टेज नॉर्मल दिसतं, प्रत्यक्षात लाट परतून शिखर डीसी लिंकच्या दुपटीपर्यंत, म्हणजे ११७० व्होल्टच्या घरात जाऊ शकतं. ते बघायचं तर केबलचं ट्रान्समिशन लाइन मॉडेल लागतं.

## १०. फायनाइट एलिमेंट, गरज असेल तरच

यासाठी डेव्हिड मीकर यांचं एफईएमएम फुकट आहे, विंडोजवर चालतं, हलकं आहे. ते द्विमितीय आहे, म्हणजे मोटरचा आडवा छेद आणि लांबी वेगळी द्यायची. इथं वाइंडरची वही कामाला येते, तुमच्या मोटरचे टर्न, गेज, पिच दुसरीकडं कुठं लिहिलेले नसतात. नमस्कार करून, चहा सांगून मागा, अण्णा लोक देतात. स्टॅम्पिंगची (आतल्या लोखंडी पत्र्यांची) मापं भंगारातल्या जळक्या मोटरवर व्हर्निअरने घ्या.

लक्षात ठेवायच्या गोष्टी थोड्याच. युनिट मिलीमीटर आहे का ते आधी बघा. लहान मोटरचा एअर गॅप मिलीमीटरच्या पाव ते तीन दशांश एवढाच असतो, त्यात मेशचे (गणितासाठी पाडलेल्या बारीक तुकड्यांच्या जाळीचे) किमान तीन थर पाहिजेत, टॉर्कचा आकडा तिथंच ठरतो. इंडक्शन मोटर एसी सॉल्व्हरमध्ये चालवताना फ्रिक्वेन्सी ५० नाही, स्लिपची द्यायची, आपल्या मोटरला ३ हर्ट्झ. आणि एकाच पोलचा तुकडा काढून वेळ वाचवायचा असेल तर रोटरचे बार पण ४ नी भागले गेले पाहिजेत, नाहीतर अर्धी किंवा पूर्ण मोटर काढा.

मग यातून आलेला मॅग्नेटायझिंग इंडक्टन्स चौथ्या पायरीतल्या ०.६५ हेन्रीशी ताडा. १०-१५ टक्क्यांचा फरक चालतो. दुप्पट-तिप्पट असेल तर टर्न किंवा समांतर सर्किटं मोजण्यात गडबड आहे.

## ११. अडलात तर विचारताना काय पाठवायचं

"मॉडेल चालत नाही, प्लीज हेल्प" असा मेसेज आणि मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो, यावर कुणी काही सांगू शकत नाही. नेमप्लेटचा फोटो, तिन्ही टेस्टची रीडिंग, वापरलेले पॅरामीटर, स्टेप साइज आणि सॉल्व्हर, हाताने काढलेलं अपेक्षित उत्तर आणि आलेलं उत्तर, एवढं एका पानात लिहा. फाइलच्या नावात तारीख टाका, "फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरं" असली नावं नकोत. आणि लोड, ड्राइव्ह सगळं काढून सहाव्या पायरीतला मोकळा रन बरोबर येतोय का हे आधी सांगा, कारण समोरचा पहिला प्रश्न तोच विचारणार आहे.